रस्त्याकडची दोरी

आमच्या मिलोखोरी गावात थोमाईमावशीला संशय यायला कारण लागत नसे. पाद्रीबाबांनी प्रसादाचा पाव हातावर ठेवला तरी ती तो आधी उलटा करून बघायची. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तर जास्त आहे, असा तिचा हिशेब. आमच्या गावात संशय घेणं हा तसा दोष नाही. कॉफीच्या दुकानात बसून आम्ही पुरुष दुसरं काय करतो? पण आम्ही कॉफी संपली की उठून जातो. थोमाई संशय घरी घेऊन जायची, भिजत घालायची आणि सकाळी चोळून चोळून धुवायची.

याचं मूळ होतं तिच्या नवऱ्यात. झिसिस त्याचं नाव. मुलगी आसिमो रांगत होती तेव्हा तो जर्मनीला कामाला गेला. जाताना म्हणाला, दोन ईस्टर जाऊ देत, तिसऱ्याला कोकरू मीच भाजणार. तिसरा आला, चौथा आला, झिसिस काही आला नाही. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केल्याचं कळलं, तेही परक्या माणसाच्या तोंडून, बाजारात कांदे घेताना. थोमाईने कांदे पिशवीत भरले, घरी आली, आणि नवऱ्याची मागे राहिलेली एकुलती एक पँट ट्रंकेत तळाशी घातली. आयुष्यात एकदाच तिने डोळे मिटून विश्वास टाकला होता. त्यानंतर ती डोळे मिटायची ते झोपायला, आणि त्यातलाही एक उघडाच असतो असं शेजारची मोर्फो म्हणायची.

पोटासाठी तिने आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे धुवायला घेतले. क्लबचं नाव पेगासोस. आसिमो शाळेत जायच्या आधीपासून, म्हणजे चांगली वीस वर्षं, खेळाडूंच्या जर्स्या, चड्ड्या, पायमोजे सोमवारी सकाळी टोपल्यांतून तिच्या अंगणात यायचे. पुढे क्लबचे अध्यक्ष झाफिरिस, म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक, यांनी तिला धुण्याचं मशीन घेऊन दिलं. तिने त्यावर क्रोशाचं कापड घातलं आणि वर कुंडी ठेवली. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणे. काच आहे की मावशी, असं कोणी म्हटलं तर ती म्हणायची, काचेतून दिसतं तेच खरं कशावरून?

वाळवण्याचे तिचे नियम तर फारच कडक. अंगणात दोन दोऱ्या होत्या. एक घरामागे, भिंतीच्या आत. दुसरी फाटकापासून तुतीच्या झाडापर्यंत, रस्त्याला लागून. रस्त्याकडच्या दोरीवर चादरी, टॉवेल, परकर, काय वाटेल ते. पण क्लबचा एक मोजासुद्धा कधी तिथे गेला नाही. संघाचे कपडे आतल्या दोरीवर, उलटे करून, नंबर आत जाईल असे, आणि चिमटेही वेगळे, निळा रंग दिलेले. येणारा-जाणारा कोण कसल्या नजरेने बघेल सांगता येतं का? एका जर्सीला दृष्ट लागली तर अकरा जणांचे पाय जड होतात. संघ हरला की आम्ही रेफरीला शिव्या घालायचो, पण थोमाईच्या दोरीकडे कोणी बोट दाखवलं नाही.

आणि मग तो हंगाम आला. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच पेगासोस देशाच्या पहिल्या लीगमध्ये गेला. ऑगस्टमध्ये पाद्रीबाबांनी मैदानावर येऊन तुळशीच्या जुडीने सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, खेळाडूंवर, गोलच्या खांबांवर, अध्यक्षांच्या गाडीवरसुद्धा. त्या रांगेत शेवटी एक नवा गोलकीपर उभा होता. नाव मांथोस. दक्षिणेकडचा, बेटावरचा, उंचच्या उंच आणि कमी बोलणारा. कमी बोलतो म्हणजे लपवतो, हे थोमाईने तिथेच ठरवून टाकलं.

पोरगा मात्र सोनं निघाला. अथेन्सचे मोठमोठे संघ आमच्या शेणकुटाच्या वासाच्या मैदानावर आले आणि नाक मुरडत बरोबरी घेऊन गेले. मांथोस मैदानात उतरताना तीनदा क्रुसाची खूण करायचा, वाकून गवताला हात लावायचा, बोटं ओठांना लावायचा, आणि मग नव्वद मिनिटं ज्या बाजूला चेंडू त्या बाजूला हा. त्याच्या पिवळ्या जर्सीची कोपरं थोमाईला दर आठवड्याला शिवावी लागायची. हिवाळ्याआधी आमचा संघ सातवा होता. सातवा! रेडिओवर आमच्या गावाचं नाव दर रविवारी यायचं, आणि निवेदकाला ते धड उच्चारताही येत नव्हतं.

जर्सी शिवून झाली की ती पोचवायला आसिमो जायची. हे पोचवणं हळूहळू लांबत गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी, संत दिमित्रिओसच्या सणाला, मांथोस पेस्ट्रीचा खोका घेऊन घरी आला आणि त्याने सरळ मागणी घातली. थोमाईने खोका उघडून आधी पेस्ट्र्या मोजल्या. मग प्रश्न सुरू झाले. घरी कोण, बाप काय करतो, आधीचा क्लब का सोडला, दक्षिणेत कोणी बायको-बियको तर नाही? मांथोसने सगळी उत्तरं दिली, शांतपणे. आसिमोने मात्र आईकडे बघत सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी, नाहीतर आयुष्यभर तुझ्याबरोबर जर्स्या पिळीन. साखरपुड्याच्या अंगठ्या झाल्या. लग्न जूनमध्ये, शेवटची मॅच झाली की. रविवारी मांथोस जेवायला यायला लागला आणि थोमाई त्याला वाढता वाढता ‘जावईबापू’ म्हणायला लागली, पण त्या शब्दाला टोक असायचं.

त्याच्या कॉलरी ती उजेडात धरून बघायची. काही सापडत नसे. त्यामुळे तिला अजूनच वाईट वाटायचं.

कार्निव्हलच्या रविवारी आम्ही अथेन्सला हरलो. हरणारच होतो, त्याचं काही नाही. पण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. घरी हरलो, बाहेर हरलो. गोल जायचे तेही कसे? हात लांब केला असता तर अडले असते असे. सातव्याचे अकरावे झालो, अकराव्याचे चौदावे, आणि खाली खड्डा दिसायला लागला. मग आमच्या गावाने तेच केलं जे कोणतंही भलं गाव करेल. फितूर कोण ते शोधायला लागलं. आधी रेफरी. मग हॉटेलात वाढलेला मासा. मग अध्यक्ष, कारण जिनिंगमध्ये नवी गाडी उभी होती. प्रत्येक टेबलावर एक वेगळा गुन्हेगार, आणि रात्रीपर्यंत सगळ्यांवर शिक्कामोर्तब.

थोमाई कॉफीच्या दुकानात जात नसे. तिला जायची गरजही नव्हती, पुरावा टोपलीतून घरी यायचा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, आनेमी गावाच्या संघाशी मॅच झाली. तेही आमच्यासारखेच बुडायला आलेले, जो हरेल तो गेला अशी गत. मैदानात नुसता चिखल. आम्ही तीन गोलनी हरलो आणि तिन्ही गोल मांथोसच्या उजव्या बाजूने गेले. सोमवारी थोमाईने पिवळी जर्सी टोपलीतून काढली, अंगणातल्या दगडावर पसरली आणि बघतच राहिली. डावी बाही, डावी कूस, डावा खांदा चिखलाने कडक झालेला. उजवी बाजू मात्र स्वच्छ. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

म्हणजे हा उजवीकडे पडलाच नव्हता. एकदाही नाही.

 जर्सी तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली. मग गेल्या दीड-दोन महिन्यांतलं एकेक तिला आठवायला लागलं. मांथोस हल्ली मैदानात उतरताना क्रुसाची खूण करत नव्हता. डाव्या हाताने खांबाला शिवायचा आणि उभा राहायचा. रविवारी जेवायला येताना वाटेत चर्च लागतं, तिथे गावातलं कुत्रंसुद्धा मान झुकवून जातं, आणि हा उजवा हात कोटाच्या खिशात घालून सरळ पुढे यायचा. आणि घरातली स्पिरिटची बाटली? अंग चोळायची ती निळी बाटली दर आठवड्याला खाली जात होती. आसिमोच्या हातांना त्याचा वास. विचारलं तर म्हणाली, खिडक्यांच्या काचा पुसल्या. थोमाईने काचा बघितल्या. काचांवर धूळ होती.

म्हणजे हा पितो, मुलगी झाकते, आणि मॅच विकलेली आहे. तिन्ही गोष्टींची सांगड बसली. तिला एका गोष्टीची भीती वाटायला लागली, आणि ती भीती खरी होती, तिची टिंगल करू नका. जूनमध्ये तिची एकुलती एक पोर एका विकल्या गेलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालणार होती. आज ना उद्या ते उघडं पडलं असतं, मग बाजारात कांदे घेताना लोकांनी आसिमोकडे तसंच बघितलं असतं जसं एकदा आईकडे बघितलं होतं.

ती हे मोर्फोजवळ बोलली. पोटात ठेव म्हणाली. मोर्फोचं पोट गावाला ठाऊक होतं. दुपारपर्यंत कॉफीच्या दुकानातले बाकीचे सगळे गुन्हेगार सुटले आणि एकच उरला. चिखल कोणत्या बाजूला होता ते आम्हाला सगळ्यांना पाठ झालं होतं. मीही दोघा-तिघांना सांगितलं असेल.

तरीही थोमाई थांबली. तिला शेवटची एक खात्री करून घ्यायची होती, आणि ती गुड फ्रायडेला झाली.

दुपारी चर्चमध्ये ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली शेज मांडलेली असते. अख्खं गाव रांगेने जातं. शेजेसमोर उभं राहायचं, क्रुसाची खूण करायची, वाकून चुंबन घ्यायचं, पुन्हा खूण करायची. चोर जातात, व्यभिचारी जातात, अध्यक्ष जातात, सगळे हात उचलतात. मांथोस आला. थोमाई खांबाआड उभी होती. तो शेजेसमोर थांबला, पुष्कळ वेळ थांबला. उजवा हात खिशातच. मग वाकला, ओठ टेकवले, आणि डोळे पुसत निघून गेला. हात खिशातून बाहेर आलाच नाही.

 देवासमोरही ज्याचा हात उचलत नाही, तो हात कुठेतरी पैशावर पडलेला असतो. याला यापुढे पुरावा काय लागतो? डाव्या हाताने खूण करत नाहीत, तसं करणं पाप. आणि उजवा हात तो उचलत नव्हता. आमच्यापैकी कोणीही हाच अर्थ काढला असता. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी काढलाच.

शनिवारी सकाळी क्लबच्या फॅन्सपैकी दोन-चार दांडगी पोरं हातगाडी घेऊन गल्लीत फिरत होती. ईस्टरच्या दुपारी आमच्याकडे चौकात ख्रिस्ताला पैशासाठी विकणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळतात, पेंढ्याचा, पोटात फटाके भरून. त्याला नेसवायला घरोघरचे जुने कपडे मागतात. पोरं थोमाईच्या फाटकाशी आली. मावशी, यहूदाला काही आहे का? ती आत गेली, ट्रंक उघडली, आणि झिसिसची पँट आणून त्यांच्या अंगावर टाकली. बरोबर बसेल, म्हणाली. पोरं हसली. त्यातलं एक गाडीवर रेलून म्हणालं की खालचं झालं, आता वर पिवळं काही मिळालं तर यहूदा अगदी ओळखीचा दिसेल. तिने त्याला चालता हो म्हणून सांगितलं. पोरं कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच सिगारेटी पेटवून उभी राहिली.

थोमाई घरामागे गेली. आतल्या दोरीवर पिवळी जर्सी सोमवारपासून वाळत होती, कधीच कोरडी झालेली. तिने निळे चिमटे काढले. जर्सी सुलटी केली, पाठीवरचा नंबर बाहेर येईल अशी. मग ती अंगण ओलांडून पुढे आली आणि वीस वर्षांत जे केलं नाही ते केलं. जर्सी रस्त्याकडच्या दोरीवर लावली. तेच दोन निळे चिमटे, दोन खांद्यांवर.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि रात्रीच्या सुपासाठी कोकराची आतडी साफ करत बसली. खिडकीकडे तिने पाठ केली होती. आपण काहीच दिलेलं नाही, असं ती स्वतःशी म्हणाली. कोणी नेलं तर ते त्यांचं पाप. बाहेर फाटक कुरकुरलं तेव्हा तिने आतड्यांवर पाण्याची धार जोरात सोडली.

हात धुऊन ती बाहेर आली, तर दोरीवर दोन चिमटे तेवढे होते.

ईस्टरची सकाळ स्वच्छ उजाडली. अंगणात कोकरू सळईवर फिरत होतं, धूर गल्लीभर. मांथोस आला, नवा शर्ट घालून, हातात मोठ्या पावाचा खोका. गल्लीतून येताना कोणीही त्याला सणाचं ‘ख्रिस्त उठला’ म्हटलं नव्हतं. ते त्याला लागलं होतं. अंगणातल्या टेबलावर उकडून लाल रंगवलेली अंडी होती. आमच्यात प्रत्येकाने आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं असतं. ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. मांथोसने डाव्या हातात अंडं घेऊन थोमाईपुढे धरलं.

"उजव्या हाताने," थोमाई म्हणाली.

"आई, असंच चालेल."

"सणाच्या दिवशी डावा हात पुढे करायचा नाही. उजव्याला काय झालंय, जावईबापू? जड झालाय का तो? कशाने?"

मांथोसने आसिमोकडे बघितलं. मग अंडं उजव्या हातात घेतलं. हात टेबलाच्या उंचीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला. अंडं सुटलं, फरशीवर पडलं आणि गडगडत सळईच्या निखाऱ्यापर्यंत गेलं.

"पुरे," आसिमो म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आई, त्याचा खांदा फाटलाय. कार्निव्हलच्या मॅचला. कोणीतरी गुडघा घातला वरून. दर रविवारी औषधवाला सुई टोचतो तेव्हा कुठे तो उभा राहतो, तेही डाव्या अंगावर. रोज संध्याकाळी मी स्पिरिटने चोळते. हात छातीच्या वर जात नाही त्याचा. पाणी पितानासुद्धा जात नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं की मोर्फोला कळतं. मोर्फोला कळलं की झाफिरिसला. आणि जखमी गोलकीपरला झाफिरिस दुसऱ्या दिवशी घरी पाठवतो. बोटीत बसवून. म्हणून जूनपर्यंत ओढायचं ठरवलं होतं आम्ही."

 थोमाईला चर्चमधला तो खिशातला हात दिसत होता, आणि आता त्या खिशात नुसता दुखरा हात होता, दुसरं काही नाही. तिने ॲप्रनला हात पुसले, जरी ते ओले नव्हते. तेवढ्यात चौकाकडून गलका झाला. लोक काहीतरी ओरडत होते, आणि एकसुरात ओरडत होते. मांथोसने कान दिला. ते त्याचंच नाव होतं.

थोमाई धावली. साठीला आलेली बाई, पायात घरातल्या सपाता, पण चौकापर्यंत अशी गेली की आम्ही बाजूला झालो. चिनारच्या झाडाला यहूदा लटकत होता, खाली झिसिसची पँट, वर पिवळी जर्सी, छातीवर डांबराने काहीतरी लिहिलेलं. पायाला नुकतीच आग लावली होती. पँट पेटली होती. थोमाईने कोणालाही काही विचारलं नाही. तिने दोन्ही हातांनी ती जर्सी धरली आणि ओढली. पोटातले फटाके फुटायला लागले, पेंढा उडाला, कोणीतरी तिला कमरेला धरून मागे खेचलं, तरी ती सोडेना. शेवटी ती खाली पडली तेव्हा हातात जर्सीची एक बाही आणि खांद्याचा तुकडा होता. उजवा खांदा. तळहात भाजून लाल झाले होते.

मांथोस मागून आला होता, आसिमो त्याच्या पाठोपाठ.  तो त्या जळत्या पुतळ्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. मला वाटलं आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. त्याने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं. हात वर उचलला, जसं विहिरीतून भरलेली बादली ओढतात तसा, कपाळापर्यंत नेला. तोंड वेडंवाकडं झालं त्याचं. मग खाली पोटाशी, मग उजव्या खांद्यावर, मग डाव्या. आमच्या सगळ्यांच्या देखत त्याने क्रुसाची खूण पुरी केली, सावकाश, आणि हात सोडून दिला. हात लोंबकळत खाली आला.

"खांदा गेलाय," तो म्हणाला. "ख्रिस्त उठला."

त्यावर रिवाजाप्रमाणे ‘खरोखर उठला’ म्हणायची आमच्यापैकी एकाचीही हिंमत झाली नाही. कोणीतरी पाणी आणून आग विझवली.

घरी आसिमोने आईच्या तळहातांवर तेल आणि अंड्यातलं पांढरं लावलं. मांथोस समोर पाटावर बसला होता. आता त्याने संताप करायला हवा होता, पण त्याचे डोळे भरलेले होते. चोरांनी दोरीवरून चोरली असणार जर्सी, तो म्हणाला. त्याने थोमाईचा हात डाव्या हातात घेतला, भाजलेल्या जागेला धक्का लागणार नाही असा, आणि मनगटावर ओठ टेकवले.

"आई, मला वाटायचं तुमचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. आणि अख्ख्या गावात धावलात त्या तुम्ही एकट्या."

थोमाईने तोंड उघडलं. सांगावं असं तिला खरंच वाटलं, शब्द दातांपर्यंत आले होते. जन्मभर ती लोकांकडे बघत आली की हा काय लपवतोय. आणि समोर एक माणूस बसला होता जो तिच्याकडे बघत होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं. तिने तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं, तर मांथोस म्हणाला, फार आग होतेय का?

तो डॉक्टरकडे गेल्यावर आसिमो अंगणात भांडी गोळा करायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन निळे चिमटे होते. ते तिने टेबलावर, आईसमोर, एकाशेजारी एक ठेवले.

"हे रस्त्याकडच्या दोरीवर होते."

"आत ऊन येत नव्हतं," थोमाई म्हणाली.

"वीस वर्षं येत होतं."

एवढंच झालं त्यांच्यात. आसिमो ओरडली नाही, रडली नाही. चिमटे तिने उचलून डब्यात टाकले.

हंगामाचं म्हणाल तर आम्ही बुडालो. मांथोसच्या जागी दुसरा पोरगा उभा राहिला आणि शेवटच्या मॅचला एका गुणाने आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो. कोणी विकलं होतं? बहुधा कोणीच नाही. आम्ही नुसते वाईट खेळलो. पण हे मिलोखोरीत बोलू नका, मार खाल. जर्सी यहूदापर्यंत कशी पोचली याचीही पुष्कळ चौकशी झाली. मोर्फोवर संशय गेला, झाफिरिसवर गेला, चर्चच्या घंटेवाल्यावर गेला. त्या पोरांनी शपथा घेतल्या की ती आम्हाला रस्त्याकडच्या दोरीवरच दिसली, पण थोमाई संघाचे कपडे कुठे वाळवते हे गावाला पक्कं माहीत होतं, म्हणून पोरं खोटारडी ठरली. थोमाईवर कोणीही, कधीही संशय घेतला नाही. जिने हात भाजून घेतले तिच्यावर कोण घेणार?

जूनमध्ये लग्न झालं. मांथोस पुन्हा गोलमध्ये उभा राहिला नाही. झाफिरिसनी लाजेकाजेस्तव त्याला जिनिंगमध्ये वजनकाट्यावर घेतलं, आणि दोघं थोमाईपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला लागली. रविवारी सासूबाई त्यांच्याकडे जेवायला. आसिमो तिला वाढायची, विचारपूस करायची, आजारपणात रात्रभर उशाशी बसायची. काही कमी केलं नाही. फक्त नवऱ्याचा एक रुमालसुद्धा तिने आईकडे धुवायला दिला नाही. थोमाई मागायची. क्लबचं काम आता कमी झालंय, हात रिकामे आहेत, दे की चार शर्ट. आसिमो म्हणायची, झालेत धुऊन.

एका रविवारी जेवणं झाली आणि वारा सुटला. थोमाई आवराआवर करत होती, तिला खिडकीतून दिसलं की मागच्या दोरीवर मांथोसचे शर्ट फडफडतायत, एक तर निसटायलाच आलाय. ती बाहेर गेली. तिने निसटता शर्ट धरला, चिमटा काढला, सवयीने शर्ट उलटा करायला घेतला. आसिमो कधी मागे येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. आसिमोने शर्ट तिच्या हातातून काढून घेतला, हळूच, जसं लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात.

"राहू दे आई. मी काढते."

आतून मांथोसचा आवाज आला, जेवणाने सुस्तावलेला. "अगं, काढू दे की आईंना. माझे कपडे त्यांच्याइतके कोण जपतं?"

आसिमो एकेक शर्ट खांद्यावर टाकत दोरीच्या टोकाकडे गेली. थोमाई चिमटा हातात धरून तिथेच उभी राहिली.